‘इटालियन फॉर बिगिनर्स’: प्रेक्षकांच्या मतांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅनिश दिग्दर्शिका लोने शेर्फिग यांचा हा चित्रपट डेन्मार्कमध्ये डिसेंबर २००० मध्ये लागला. डॅनिशमध्ये त्याचे नाव ‘इटालियेन्स्क फॉर बेग्यूनर’. त्याबद्दल प्रेक्षकांची मते इतकी टोकाची असतात की दोघांनी वेगवेगळे चित्रपट पाहिले असावेत असे वाटते. एकाला तो ऊबदार, दुसऱ्याला रटाळ. एकाला हसू आवरत नाही, दुसरा म्हणतो, ‘यात विनोद कुठे आहे?’ या मतभेदांमागची कारणे बहुतेक वेळा सापडतात. खाली तीच मांडली आहेत. कथेतले बरेच काही उघड होईल, त्यामुळे चित्रपट आधी पाहायचा असेल तर पहिल्या तीन प्रश्नांवर थांबा.

थोडक्यात कथा काय?

कोपनहेगनजवळच्या एका उपनगरात एकटी पडलेली सहा माणसे. पत्नीच्या निधनानंतर बदली म्हणून आलेला तरुण पाद्री आंद्रेयास. तो ज्या हॉटेलात उतरतो तिथला भिडस्त कर्मचारी यॉर्गन. यॉर्गनचा मित्र हाल-फिन, जो स्टेडियमचे रेस्टॉरंट चालवतो आणि गिऱ्हाइकांच्या अंगावर खेकसतो. तिथेच काम करणारी इटालियन ज्युलिया. आजारी, दारूच्या आहारी गेलेल्या आईला सांभाळणारी केशकर्तनकार कारेन. आणि बेकरीत कामाला असलेली ओलिंपिया, जिच्या हातून वस्तू पडतात आणि त्यासोबत नोकऱ्याही सुटतात. संध्याकाळच्या इटालियन भाषेच्या वर्गात ही मंडळी हळूहळू एकत्र येतात. त्यातून तीन जोड्या जमतात आणि शेवट व्हेनिसमध्ये होतो.

रोमँटिक कॉमेडी समजून लावला. अर्ध्या तासात नुसती मरणे आणि आजारपण. चुकीचा चित्रपट तर लावला नाही ना?

नाही, हाच तो. ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि ती रास्त आहे, कारण पोस्टरवर हसरे चेहरे आणि नावात इटली. पोस्टर पाहून बसलेल्याला वाटते की दहाव्या मिनिटाला सूर्यप्रकाश आणि व्हेनिसचे कालवे दिसतील. प्रत्यक्षात व्हेनिस अगदी शेवटी येते. त्याआधी हिवाळी करडे आभाळ, रिकामे बाक असलेले चर्च, हॉस्पिटलची खोली आणि अंत्यविधी. शिक्षकही भर वर्गात हृदयविकाराच्या झटक्याने जातो.

पहिला अर्धा तास म्हणजे नमनाला घडाभर तेल वाटेल. सहा पात्रे, प्रत्येकाचे काम, घर आणि दुखणे, सगळे त्यातच मांडायचे आहे. पाहताना एक युक्ती उपयोगी पडते: पात्रांची नावे लक्षात ठेवण्याऐवजी त्यांच्या जागा लक्षात ठेवा. चर्च, हॉटेल, सलून, बेकरी, स्टेडियमचे रेस्टॉरंट आणि वर्ग. नावे गोंधळात टाकतात, जागा टाकत नाहीत. ‘कोण कोण आहे तेच कळेना’ म्हणत चित्रपट सोडणारे बहुतेक प्रेक्षक याच अर्ध्या तासात सोडतात.

कुटुंबासोबत पाहता येईल का?

लहान मुलांसोबत नको. अमेरिकेत भाषा आणि काही लैंगिक प्रसंग यांमुळे त्याला ‘आर’ (सतरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबतच प्रवेश) प्रमाणपत्र मिळाले आहे. प्रत्यक्ष दृश्यांपेक्षा संवाद जास्त मोकळे आहेत. यॉर्गनच्या नपुंसकत्वाची चर्चा तर उघडपणे होते. घरात नुकतेच कोणी दीर्घ आजाराने गेले असेल तर आणखी विचार करा. कारेनच्या आईचे हॉस्पिटलमधले प्रसंग आणि मॉर्फिनचा प्रसंग काही प्रेक्षकांना फार जड गेले आहेत, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

कॅमेरा इतका हलतो का? चित्रण भुरकट का? पैसे नव्हते म्हणून?

पैसे कमी होते हे खरे. खर्चाचा आकडा साधारण ६ लाख अमेरिकन डॉलर सांगितला जातो. पण हलता कॅमेरा हे गरिबीचे लक्षण नाही, ती पत्करलेली अट आहे. हा डॉग्मा चळवळीचा बारावा चित्रपट. लार्स फॉन ट्रियर आणि थॉमस विंटरबर्ग यांनी १९९५ मध्ये दहा नियमांची ‘शुचितेची प्रतिज्ञा’ जाहीर केली. तिच्यात काय होते ते पाहिले की निम्म्या तक्रारींचे मूळ सापडते:

चित्रीकरण प्रत्यक्ष जागीच करायचे, सेट उभारायचा नाही, बाहेरून वस्तू आणायच्या नाहीत. कॅमेरा हातातच धरायचा. चित्र रंगीत हवे, पण खास प्रकाशयोजना करायची नाही. फिल्टर आणि प्रयोगशाळेतल्या करामती वर्ज्य. आवाज आणि चित्र वेगवेगळे तयार करायचे नाहीत. संगीत हवे असेल तर ते चित्रीकरणाच्या जागीच वाजत असले पाहिजे. खून, शस्त्रे असली वरवरची कृती नको. गोष्ट इथली आणि आत्ताची हवी. ठरीव साच्यातले चित्रपट मान्य नाहीत. अंतिम स्वरूप ३५ मिलीमीटरच्या अकादमी आकारात हवे. आणि दिग्दर्शकाचे नाव द्यायचे नाही.

आता दिवे न लावता उत्तर युरोपातल्या हिवाळ्यात घरात डिजिटल व्हिडिओवर चित्रण केले की काय होते? कॅमेऱ्याला उजेड पुरत नाही, तो टिपलेला विद्युत संकेत कृत्रिमरीत्या वाढवतो आणि त्याबरोबर सावल्यांमध्ये दाणे उठतात. खिडकीसमोर माणूस उभा राहिला की एकतर खिडकी पांढरीफटक पडते किंवा चेहरा काळवंडतो. मधले काही उरत नाही, कारण २००० सालच्या व्हिडिओ कॅमेऱ्याची उजेड-अंधार एकत्र सांभाळण्याची ताकद फिल्मपेक्षा बरीच कमी होती. पुढे हा व्हिडिओ ३५ मिलीमीटरवर चढवला की दाणे मोठ्या पडद्यावर आणखी ठळक होतात.

एक मात्र सांगायला हवे. डॉग्माच्या पहिल्या दोन चित्रपटांच्या मानाने इथला कॅमेरा बराच शांत आहे. छायालेखक यॉर्गन योहान्सन पात्रांच्या मागे धावत नाहीत, बहुतेक वेळ चेहऱ्यावर स्थिर राहतात. ‘डोके गरगरले’ ही तक्रार वाचली की ती खरोखर याच चित्रपटाची आहे की डॉग्मा शब्द ऐकून आधीच केलेली, अशी शंका येते.

विनोद कळलाच नाही. माझ्यात काही कमी आहे का?

तुमच्यात नाही, पार्श्वसंगीतात आहे. आपल्याला कुठे हसायचे हे बहुतेक चित्रपटांत संगीत सांगते: वाद्य टुणकन वाजते, आपण हसतो, सारंगी किंवा व्हायोलिन लागते, आपण गप्प होतो. इथे नियमानेच ते वर्ज्य आहे. त्यामुळे हाल-फिन गिऱ्हाइकाचा पाणउतारा करतो तेव्हा तो प्रसंग विनोदी आहे की कटू, हे तुमचे तुम्ही ठरवायचे. ज्याला ही मोकळीक आवडते तो चित्रपटाच्या प्रेमात पडतो. ज्याला आवडत नाही त्याला तो कोरडा वाटतो. दोन्ही गटांनी पाहिलेला प्रसंग एकच असतो.

विनोदाची जातही वेगळी आहे. इथे कोणी चुटके सांगत नाही. माणूस अत्यंत अवघड क्षणी भलतेच बोलतो किंवा गंभीर चेहऱ्याने मूर्खपणाचे काहीतरी करतो, आणि समोरचा त्याची दखलही घेत नाही. कारेन हाल-फिनचे केस कापायला बसते आणि दर वेळी तिची आई मध्ये येऊन ते अर्धवट राहते. पहिल्या वेळी हसू येत नाही, तिसऱ्या वेळी येते. म्हणून मधेमधे फोन पाहणाऱ्याला हा चित्रपट हसवत नाही. पहिला प्रसंग निसटला की तिसऱ्याला अर्थ उरत नाही.

उपशीर्षकांमुळे काय निसटते?

बरेच काही. चित्रपटात डॅनिश आणि इटालियन अशा दोन भाषा आहेत, पण बऱ्याच प्रतींमध्ये इंग्रजी उपशीर्षके दोन्ही एकाच अक्षरात, एकाच रंगात दाखवतात. मग वर्गातल्या चुका, अडखळणे आणि डॅनिश हेलातले इटालियन हे सगळे एकसारखे सपाट इंग्रजी होऊन समोर येते.

कानाने ओळखायची सोपी खूण अशी: इटालियन शब्द जवळजवळ नेहमी स्वरात संपतात आणि अक्षरे सुटी ऐकू येतात. डॅनिशमध्ये शब्दांचे शेवट गिळले जातात आणि मधेच घशात अडकल्यासारखा झटका येतो. पाच-दहा मिनिटे ऐकले की फरक कळू लागतो. विशेषतः यॉर्गन आणि ज्युलियाच्या प्रसंगांत कोण कोणत्या भाषेत बोलतो आणि समोरच्याला किती कळते, यावरच सगळे उभे आहे.

इंग्रजी डबिंग असलेली प्रत सापडली तर ती टाळा. दोन भाषांची गोष्ट एका भाषेत ऐकण्यात राम नाही.

तीन जोड्या इतक्या नेमक्या कशा जमतात? हे ठरवून केलेले नाही का?

हा आक्षेप आम्हाला सर्वांत वजनदार वाटतो. कारेन आणि ओलिंपिया या दोघी बहिणी असल्याचे अंत्यविधीच्या वेळी उघड होते, हा योगायोग जुन्या नाटकात शोभेल असा आहे. वारशाचे पैसे नेमके वेळेवर हाती येतात आणि त्यातून व्हेनिसची सहल निघते. सहा एकाकी माणसांच्या बरोबर तीन जोड्या होतात, बाकी शून्य. गणित फारच सुटसुटीत आहे.

यावर बचाव करणारे म्हणतात की डॉग्माच्या कच्च्या रूपामुळे हा साचा खुपत नाही. खरे आहे, पण तो लपतो एवढेच, नाहीसा होत नाही. हाच चित्रपट चकचकीत प्रकाशात, गोड संगीतासह केला असता तर त्याचा सांगाडा सरळ दिसला असता. त्यातच आठवा नियम साच्यातले चित्रपट नाकारतो आणि हा तर उघडउघड रोमँटिक कॉमेडी! त्यामुळे डॉग्माचे कडवे चाहते त्याला नियमभंग मानतात, आणि ज्यांना डॉग्माचे काही देणेघेणे नाही त्यांना तो त्या चळवळीतला सर्वांत सुसह्य चित्रपट वाटतो.

आमचे मत: जोड्यांपैकी कारेन आणि हाल-फिनची सर्वांत पटते, कारण दोघेही चिडके आहेत आणि चित्रपट त्यांना गोड करण्याच्या भानगडीत पडत नाही. आंद्रेयास आणि ओलिंपियाची जोडी मात्र ‘उरलेले दोघे’ म्हणून जमवल्यासारखी वाटते.

अभिनयाबद्दल कोणाचीच तक्रार का दिसत नाही?

कारण तक्रारीला फारशी जागा नाही. अँडर्स बेर्टेल्सन (आंद्रेयास), आनेट स्टोव्हेलबेक (ओलिंपिया), अ‍ॅन एलिओनोरा यॉर्गेन्सेन (कारेन), पीटर गँट्झलर (यॉर्गन), लार्स कॉलुंड (हाल-फिन) आणि सारा इंद्रियो येन्सेन (ज्युलिया) हे सगळे एकमेकांना जागा देत काम करतात. हलका कॅमेरा आणि स्वस्त टेप यांचा एक फायदा असा की दिवे हलवण्यात वेळ जात नाही आणि फिल्म संपण्याची धास्ती नसते; नटाला प्रसंग सलग, लांब करता येतो. त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. विशेष पाहावे असे काम लेने टीमरोथ यांचे. कारेनच्या आईच्या भूमिकेत त्या मोजक्याच प्रसंगांत आहेत, पण प्रेक्षकांच्या लक्षात राहतात. प्रेम करावे की पळून जावे हे लेकीला ठरवता येऊ नये अशी आई त्यांनी उभी केली आहे.

शिक्षक गेल्यावर हाल-फिन एकदम इटालियन कसा शिकवू लागतो?

एकदम नाही. इटालियन फुटबॉलच्या वेडापायी त्याला भाषा येत असते, आणि नोकरी गेल्याने तो मोकळाही असतो. विद्यार्थी कमी झाल्याने वर्ग बंद पडायच्या बेतात असतो हेही ध्यानात घ्या. डेन्मार्कमध्ये प्रौढांसाठी संध्याकाळचे वर्ग ही फार जुनी आणि रुजलेली पद्धत आहे. तिच्यामागे एकोणिसाव्या शतकातल्या ग्रुंडविग यांच्या लोकशिक्षणाच्या विचारांचा वारसा आहे. लोक तिथे परीक्षेसाठी कमी आणि लांबलचक हिवाळ्यात घराबाहेर पडायला निमित्त म्हणून जास्त जातात. हे माहीत नसलेल्या प्रेक्षकाला ‘हे सगळे इटालियन का शिकताहेत?’ असा प्रश्न पडतो. डॅनिश प्रेक्षकाला तो पडत नाही.

कथा चोरलेली आहे असे ऐकले. खरे काय?

आयरिश लेखिका मेव्ह बिंची यांची ‘इव्हिनिंग क्लास’ ही कादंबरी १९९६ ची. तिच्यातही संध्याकाळचा इटालियन वर्ग आहे, पण डब्लिनमध्ये. चित्रपटात त्यांचा उल्लेख नव्हता. कथेचा आधार त्या कादंबरीचा होता हे नंतर मान्य करण्यात आले आणि झेंट्रोपा या निर्मितीसंस्थेने बिंची यांना भरपाई दिली. रक्कम जाहीर झाली नाही. ही गोष्ट २०१० मध्ये बाहेर आली. म्हणून त्याआधीच्या परीक्षणांत पटकथेच्या ‘अस्सलपणा’चे जे कौतुक आढळते ते थोडे सावधपणे वाचा. पाद्री, त्याचे ओस पडलेले चर्च आणि श्रद्धा गमावून बसलेला त्याच्या आधीचा पाद्री हे मात्र डेन्मार्कचेच आहे.

एवढा साधा चित्रपट, मग गाजला कसा?

डेन्मार्कची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५३ लाख होती आणि चित्रपटाची ८ लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली. म्हणजे ढोबळमानाने दर सहा-सात माणसांमागे एक तिकीट. फेब्रुवारी २००१ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात ज्युरीचा रौप्य अस्वल पुरस्कार मिळाला, शिवाय समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचाही. जानेवारी २००२ मध्ये तो अमेरिकेत लागला आणि तिथे एकट्याने ४० लाख डॉलरहून जास्त गल्ला जमवला. सहा लाखांच्या चित्रपटाला हे फारच झाले.

खर्च कुठे वाचला तेही पाहा: सेट नाहीत, दिव्यांचा ताफा नाही, आणलेले सामान नाही, संगीतकाराचा वाद्यवृंद नाही. पथक लहान, त्यामुळे जेवणखाण आणि वाहतूकही कमी. खर्च उरला तो माणसांचा, व्हिडिओ फिल्मवर उतरवण्याचा आणि व्हेनिसच्या प्रवासाचा.

काही ठिकाणी ११२ मिनिटे लिहिले आहे, काही ठिकाणी ११८. कापलेली प्रत कोणती?

घाईने ‘कापले’ असे समजू नका. युरोपातला व्हिडिओ सेकंदाला २५ चौकटींवर चालतो आणि चित्रपटगृहातली फिल्म २४ वर. तेच दृश्य २४ वर चालवले की सुमारे चार टक्के लांबते: ११२ ची जवळपास ११७ मिनिटे होतात. प्रतीची लांबी ताडून पाहताना आधी हा हिशेब करा.

घरी पाहताना चित्र आणखी वाईट दिसते. काय करावे?

आजचे टीव्ही या प्रकारच्या चित्रणाचे शत्रू आहेत. पुढील बदल करून पाहा:

१. हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण बंद करा. ती मधल्या चौकटी स्वतः बनवते आणि हातातल्या कॅमेऱ्याची हालचाल तरंगल्यासारखी करते.

२. ‘शार्पनेस’ शून्याजवळ आणा. नाहीतर टीव्ही दाण्यांनाच तपशील समजून ते उठावदार करतो.

३. ‘व्हिविड’ ऐवजी ‘सिनेमा’ रंगछटा निवडा आणि खोलीतले दिवे मंद करा. अंधारे प्रसंग उजळण्यासाठी ब्राइटनेस वाढवला तर काळ्याचा राखाडी होतो आणि दाणे आणखी दिसतात.

४. चेहरे रुंद, चपटे दिसत असतील तर चित्र ताणले जात आहे. डॉग्माचा अकादमी आकार जवळजवळ चौकोनी (१.३७ : १) असतो, दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणे बरोबर आहे.

५. संवाद पुटपुटल्यासारखे वाटले तर टीव्हीच्या ‘स्पीच’ पर्यायापेक्षा साधे हेडफोन बरे. आवाज जागीच टिपलेला आहे, त्यामुळे खोलीचा घुमारा आणि भांड्यांचा खणखणाट संवादात मिसळलेला आहे. ‘स्पीच’ पर्याय तो घुमाराही वाढवतो.

मॉर्फिनच्या प्रसंगावर चित्रपट काहीच भाष्य का करत नाही?

बऱ्याच प्रेक्षकांना हे खटकते: कारेन आईला जास्त मॉर्फिन मिळू देते आणि पुढे त्याची चौकशी नाही, खंत नाही, शिक्षा नाही. ही पटकथेची विसरभोळी जागा आहे असे काही म्हणतात. तसे वाटत नाही, कारण आईच्या वेदना आणि मुलीचा थकवा आधी पुरेसा दाखवला आहे. पण रोमँटिक कॉमेडीत असा प्रसंग ठेवून लगेच प्रेमकथेकडे वळणे हा धोका होता आणि तो सर्वांच्या बाबतीत यशस्वी झालेला नाही. इथेच चित्रपट सोडून देणाऱ्यांना आम्ही ‘पुन्हा पाहा’ असे सांगत नाही.

आवडला, तर पुढे काय पाहावे? आणि नाही आवडला तर?

आवडला तर ‘मिफुने’ (१९९९) पाहा. डॉग्माचा तिसरा चित्रपट, प्रेमकथाच, आणि मुख्य भूमिकेत तेच अँडर्स बेर्टेल्सन. डॅनिश विनोद आवडला पण कॅमेरा नको असेल तर सुझान बियर यांचा ‘द वन अँड ओन्ली’ (१९९९) घ्या. तो नेहमीच्या पद्धतीने चित्रित केलेला आहे आणि डेन्मार्कमध्ये तोही प्रचंड चालला. बियर यांचाच डॉग्मा चित्रपट ‘ओपन हार्ट्स’ (२००२) मात्र विनोदी समजून लावू नका.

शेर्फिग यांनी पुढे इंग्रजीत केलेला ‘अ‍ॅन एज्युकेशन’ (२००९) नीटनेटका आणि प्रकाशमान आहे. दाणेदार चित्रणामुळे नाराज झालेल्यांनी तिथून सुरुवात करावी.

श्रेयनामावलीत दिग्दर्शिकेचे नाव शोधले, दिसले नाही. प्रत खराब आहे का?

प्रत ठीक आहे. तो दहावा नियम. डॉग्मा चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या शेर्फिग या पहिल्या स्त्री, आणि नियमानुसार चित्रपटात त्यांचेच नाव नाही.